पाण्यातला एक शब्द

५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नसतानाही तुम्ही ‘हो हो’ म्हणत राहता. मागच्या आठवड्यात माझ्या कुठल्या कुठल्या बोलण्याला तुम्ही होकार दिलात ते देव जाणे. म्हणून आता पत्रच. छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासलीत हे ठाऊक आहे मला, पण हे पत्र तपासू नका. तपासलंत तर मला कळवू नका.

काल ह्यांना पहिल्यांदा पाण्यात उतरवलं. झटका येऊन पाच महिने झाले, आणि पाच महिन्यांत कुणी काही नवं केलं असं हे पहिलंच. हॉस्पिटलच्या तळघरात हौद आहे, आपल्या दोन खोल्या मावतील एवढा. पाणी कोमट, उभ्या माणसाच्या छातीपर्यंत. चारी भिंतींना स्टीलचा दांडा, आणि क्लोरीनचा असा वास की डोळे गळायला लागतात. मला ते सोयीचंच पडतं. ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलं आणि खुर्चीसकट यंत्रानं खाली नेलं. आधी पोटऱ्या, मग मांड्या, मग पोट. पोटाला पाणी लागलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच ढकललंय.

व्यायाम घेणारी मुलगी तिशीची आहे. काळा पोहण्याचा पोशाख, डोक्याला पांढरी टोपी, आणि पेशंटचे हात धरून मान हलवत उलटी उलटी चालते. बाकावर बसणाऱ्या आम्ही बायका तिला पाणकोंबडी म्हणतो. मुलगी चांगली आहे. ती म्हणते, छातीभर पाण्यात माणसाचं वजन तिसऱ्या हिश्शावर येतं, म्हणून जमिनीवर दगा देणारा पायही तिथे उभं राहायला धजतो. शिवाय पडलं तरी लागत नाही.

एकूण चोवीस खेपा, मंगळवारी आणि शुक्रवारी. एप्रिलच्या शेवटी चाचणी. खुर्चीतून आपलं आपण उठायचं, काठी घेऊन दहा पावलं चालायचं आणि तिथल्या लाकडी जिन्याच्या चार पायऱ्या चढायच्या. जमलं तर घरी. नाही जमलं तर वॉर्डातली खाट रिकामी करून ह्यांना शुश्रूषागृहात ठेवायचं. मी नको म्हटलं असतं, पण आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सेहेचाळीस पायऱ्या, आणि माझ्या कमरेबद्दल डॉक्टर म्हणाले की तुम्ही ह्यांना अजून एकदा उचललंत तर घरात दोन पेशंट होतील. शुश्रूषागृहाचा अर्ज भरून कपाटात ठेवलाय. सही केलेली नाही.

बोलण्याचं म्हणाल तर अजून तो एकच शब्द, ‘धर’. तहान लागली तरी धर, राग आला तरी धर. हो की नाही असं विचारून उपयोग नाही, दोन्हीला मान सारखीच डोलते. पण एक गंमत सांगते. मला ‘धर’ आणि नर्सला ‘धरा’! दहा वर्षांच्या गिऱ्हाइकालासुद्धा ‘अहो, जरा हात वर करा’ म्हणणारा शिंपी. सगळे शब्द गेले, अदब गेली नाही.

आयुष्यभर शेजारीण मला पाण्यात पाहायची, आता मी नवऱ्याला पाण्यात पाहते. हसलात का? हसा. मी इथे कुणाला सांगू असले विनोद.

तुमची
वहिनी


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र तपासलं. ‘उलटी उलटी चालते’ वाचून क्षणभर वाटलं की त्या बिचाऱ्या मुलीला ओकाऱ्या होतायत. अशा ठिकाणी ‘मागे मागे’ लिहावं. बाकी तुझ्या विनोदाला मी एवढी हसले की शेजारच्या खोलीतल्या मुख्याध्यापिकाबाईंनी भिंत ठोठावली. हे त्यांनी नंतर सांगितलं. मला कुठलं ऐकू येतंय! छापखान्यातल्या यंत्रांनी माझे कान खाल्ले, आता मी लोकांचे खाते.

दादा पाण्यात, हे चित्र डोळ्यांपुढे येत नाही. लहानपणी सगळी पोरं तळ्यात उड्या मारायची आणि हा काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायचा. नुसते सांभाळायचा नाही, घड्या घालून ठेवायचा. शिंपी तो तेव्हाच झाला होता. पाण्याला इतका भ्यायचा की पाय बुडवायचा असला तरी मला शेजारी बसवायचा.

त्याला माझ्याकडे आणता आलं असतं तर मी एका पायावर तयार होते. पण आमचं हे निवृत्त बायकांचं वसतिगृह. पुरुषमाणसाला इथे चहासुद्धा फाटकाजवळच्या बाकावर देतात, मग तो सख्खा भाऊ असो नाहीतर नळ दुरुस्त करणारा. तुला मूल नाही, मला संसार नाही, आपल्या दोघींच्या मध्ये तो एकटा. तेव्हा त्याला उभा कर. दुसरं काही मी तुझ्याकडे मागत नाही.

आणि मला गोड गोड लिहू नकोस. जे दिसेल ते लिही. अर्जाला एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही.

तुझी
वन्सं


४ मार्च

प्रिय वन्सं,

आधी बसा. हातात चहा असला तर खाली ठेवा. ह्यांनी दुसरा शब्द काढला!

आज नववी खेप. पाणकोंबडी समोर, मागे मागे चालत (बघा, लिहिलं), पाठीकडून एक मदतनीस बाई कमरेला धरून. उजव्या पावलाला वजनाचा पट्टा, नाहीतर तो पाय बुचासारखा वर येतो. ह्या दांड्यापासून त्या दांड्यापर्यंत तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला हे मध्येच थांबले, मान वळवली आणि स्वच्छ म्हणाले, ‘सोड.’ हौदात आवाज घुमतो. सगळ्यांनी ऐकलं. पाणकोंबडी म्हणाली, ‘सोडू? बघा हं.’ हे पुन्हा म्हणाले, ‘सोड.’ तिनं हात काढून घेतले.

वन्सं, चार मोजेपर्यंत उभे होते. कुणाचाही हात नाही. मग एक पाऊल टाकलं, मग अर्धं, आणि मग तिनं धरलं.

माणूस आपल्या तोंडानं म्हणतो, सोड मला, मी चालतो. आणखी काय हवं? बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई तिथे दुसऱ्यांदा येतेय, तिचा नवरा अजून दांडा सोडत नाही, ती तर रडायलाच लागली. मी नाही रडले. मी त्यांच्या पोहायच्या दुसऱ्या चड्डीची घडी घालत बसले होते. म्हणजे आदल्या खेपेची. ती मीच शिवली, ह्यांच्या मशीनवर, कमरेला नाडी घालून. शिवण बघून ह्यांनी तोंड फिरवलं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पँटी शिवल्या, बायकोच्या हातची चड्डी नशिबी आली.

पाणकोंबडीनं मला बाक मागे घ्यायला लावलाय, काचेच्या पलीकडे. शिंतोडे उडतात म्हणून. दार उघडंच असतं, त्यामुळे मला सगळं दिसतं.

अर्जावर आज चादरींची थप्पी ठेवली.

तुमची
वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र सगळ्या वसतिगृहाला वाचून दाखवलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘आज्ञार्थ आला म्हणजे माणूस जागेवर आहे.’ त्या व्याकरण शिकवायच्या, त्यांना सगळीकडे व्याकरण दिसतं. मला काय दिसलं ते लिहिता येत नाही. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं, एवढंच सांगते.

आजच काठी पाठवली आहे. मूठ लाकडी आहे, डाव्या हाताला बसेल अशी बघून घेतली. त्याच्या पलंगाजवळ ठेव. आणि त्याला हे वाचून दाखव: दादा, मे महिन्यात मी येतेय. सेहेचाळीस पायऱ्या मी माझ्या गुडघ्यांनी चढेन, पण दार तू उघडायचंस. वहिनीनं उघडलं तर मी तशीच परत जाईन.

तुझी
वन्सं


२३ मार्च

प्रिय वन्सं,

काठी पोचली. वाचूनही दाखवलं. मान डोलवली, पण ती तर कशालाही डोलते.

गोड लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहिते. चौदा खेपा झाल्या. पाण्यात आता आठ फेऱ्या होतात. पण खुर्ची वर यायला लागली की एकेक अंग जड होत जातं, ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसतं. आधी मान खाली जाते, मग खांदे. वरच्या मजल्यावर दोन दांड्यांच्या मध्ये उभं करतात तेव्हा उजवा पाय उशीसारखा लोंबतो. एक पाऊलसुद्धा नाही. पाणकोंबडीला विचारलं तर म्हणते, ‘बघू या.’ बघू या म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. कापड आणून दिलं की हे सांगायचे, मंगळवारी मिळेल. आणि मंगळवारी मिळायचं.

‘सोड’ मात्र आता खेपेला चार-पाचदा म्हणतात. हुरूप आलाय, दुसरं काय. संध्याकाळी वॉर्डात मी त्यांचा पाय दुमडून ताणते, तेव्हासुद्धा ‘सोड’. मी सांगते, सोडते, पण आधी वीस पूर्ण करा. पुरुषमाणसाला व्यायाम करायला लावणं म्हणजे नाकी नऊ येतात.

अजून दहा खेपा आहेत. होईल. व्हायलाच पाहिजे. तिसऱ्या मजल्यावर एकटीनं राहायचं कसं, ते मला माहीत नाही आणि मला ते शिकायचंही नाही.

तुमची
वहिनी


३१ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. सवयच ती, पहिल्या वाचनात मजकूर वाचायचा आणि दुसऱ्यात चुका. पहिल्याच पत्रात तू लिहिलंयस की तो नर्सला ‘धरा’ म्हणतो आणि तुला ‘धर’. मग वहिनी, पाण्यात तो ‘सोड’ कुणाला म्हणतो? ती मुलगी परकी. तिचे हात सोडायला सांगायचे तर तो ‘सोडा’ म्हणेल. शब्द गेले तरी अदब गेली नाही, हे तुझंच वाक्य आहे. आणि तू असंही लिहिलंयस की त्यानं मान वळवली. मुलगी समोर होती. समोरच्या माणसाशी बोलायला मान कशाला वळवावी लागते?

तो तुला सांगतोय.

आणि तुला सांगतोय तर ‘माझा हात सोड’ असा अर्थ होत नाही, कारण तू बाकावर असतेस, तुझ्या हातात त्याचा हात नसतो. मग राहिला दुसरा अर्थ. पतंग झाडात अडकला, गणित सुटेना, मी रडायला लागले, की दादा म्हणायचा, ‘सोड गं.’ बाबांच्या आजारात मी तिसऱ्या डॉक्टरकडे चला म्हणत होते, तेव्हाही तो जिन्यात मला म्हणाला, ‘सोड आता.’ मी ऐकलं नाही. बाबांचे शेवटचे पंधरा दिवस नळ्यांमध्ये गेले. हे मी कुणाला बोलत नाही, तुला सांगते.

तो पाण्याला भिणारा माणूस आहे. आठवड्यातून दोनदा त्याला खुर्चीला बांधून पाण्यात उतरवतात, आणि तो तुझ्याकडे बघून म्हणतो, पुरे कर. वॉर्डातही तेच म्हणतो. मला उलट वाटावं अशी माझी फार इच्छा आहे. पण चूक दिसल्यावर गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

तुझी
वन्सं


४ एप्रिल

वन्सं,

‘प्रिय’ मुद्दामच लिहिलेलं नाही. ती चूक समजू नका.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तुम्ही तिथे फाटकामागे बसून एका शब्दाचा कीस काढा, इथे मी कमरेला पट्टा बांधून रोज चार वेळा त्यांना कुशीवर वळवते. अर्धा मेंदू जळालेला माणूस. त्याच्या तोंडून शब्दाचा शेवटचा ‘आ’ निसटला, तर तुम्ही म्हणता त्याला मरायचंय! असंच म्हणायचंय ना तुम्हाला? मग सरळ लिहा. आणि बाबांचं मला सांगू नका. हे बाबा नाहीत.

चाळीस वर्षांत ह्यांनी मला एकदाही ‘सोड’ म्हटलेलं नाही. ‘असू दे’ म्हणायचे. ‘राहू दे’ म्हणायचे.

वहिनी

ता. क. आज अठरावी खेप होती. सात वेळा ‘सोड’ म्हणाले. सातही वेळा माझ्याकडे बघून. मी मोजलं. तुमच्यामुळे मोजलं.


९ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र आत्ता मिळालं, लगेच लिहिते आहे. मुख्याध्यापिकाबाईंना ते दाखवलं, माझं आधीचंही तोंडी सांगितलं. त्यांनी माझी चांगली खरडपट्टी काढली. म्हणाल्या, ‘मूळ प्रत न बघता दुरुस्ती केलीत?’ आमच्या धंद्यातला पहिला नियम तो. नवख्यांना मी पहिल्या दिवशी तोच शिकवायची. आणि स्वतः काय केलं, तर इथे बसून सुतावरून स्वर्ग गाठला.

तेव्हा माझं काही खरं मानू नकोस. एकच कर. दादा ‘सोड’ म्हणतो त्याच्या आधी तिथे कोण काय बोललेलं असतं, ते नीट आठवून बघ. आधीचं वाक्य माहीत नसेल तर उत्तराचा अर्थ लागत नाही. मला ते वाक्य माहीत नाही. तुझ्या पत्रात ते कुठेच नाही.

तोवर काही बंद करू नकोस. हे मी स्वतः पोस्टात टाकायला जाते आहे.

तुझी
वन्सं


२९ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं नऊ तारखेचं पत्र मला चौदाला मिळालं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. त्यानंतर तुमची दोन पत्रं आली, ती मी फोडली नाहीत. आज सगळं एकदम लिहिते.

सात तारखेला, सोमवारी, मी पाणकोंबडीकडे गेले. तुमचं एकतीस तारखेचं पत्र सोबत होतं. तिच्या हातातच दिलं. तिनं उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाली, ‘काकू, तुमची खात्री आहे?’ मी म्हणाले, त्यांच्या बहिणीची आहे. ती म्हणाली की एकदा नाव काढलं की यादीतला पुढचा माणूस लगेच येतो, मग मला काही करता येणार नाही. मी सही केली. घरी आले, चादरींखालून अर्ज काढला आणि त्याच्यावरही केली. एका दिवसात दोन सह्या. मग पडले ती सकाळी उठले. सात महिन्यांत पहिल्यांदा अशी झोप लागली. बरं वाटलं मला, वन्सं. हलकं वाटलं. हे तुमच्यापासून लपवायचं नाही असं ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. साडेआठला वॉर्डात गेले तर हे पलंगाच्या कडेला बसलेले. आपले आपण. मी बसवलं नव्हतं, नर्सनंही नाही. डाव्या हातानं शर्टाची बटणं काढत होते. शिंप्याचा उजवा हात गेलेला, डाव्यानं कधी सुई धरलेली नाही, एकेका बटणाला पाच-पाच मिनिटं. काजाला अंगठा लावायचा, बटण निसटायचं, पुन्हा लावायचा. खालचं तेवढं राहिलं होतं. मला वाटलं, उकडतंय. मी पंखा लावला आणि बटणं लावली. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. मी पुन्हा लावली. मी म्हणाले, अहो, गार वारा लागेल. तिसऱ्यांदा त्यांनी पहिल्या बटणाला हात घातला आणि माझ्या पाठीमागे बघायला लागले, दाराकडे. नऊ वाजता खुर्ची घेऊन मावशी येते, तिकडे.

मी खाली धावले. तीन जिने, कंबर विसरून. काचेतून बघितलं तर पाण्यात दुसराच माणूस होता, चाळिशीचा असेल. त्याची आई माझ्या जागी बसली होती. पाणकोंबडीची वेळ संपेपर्यंत मी तिच्या शेजारी बसून राहिले. ती म्हणाली, आमचा नंबर काल अचानक लागला, कुणीतरी सोडून गेलं म्हणे.

आता तुम्ही मागितलेलं आधीचं वाक्य. शिंतोड्यांची गोष्ट खोटी होती. मला बाकावरून मागे घालवलं ते माझ्या ओरडण्यामुळे. पहिल्या दिवसापासून मी ओरडत होते. ‘धरा! अहो, नीट धरा! सोडू नका हं त्यांना, पडतील!’ त्या मुलीनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा काचेमागे बसवलं, आणि मी उघड्या दारातून ओरडतच राहिले. हे तुम्हाला कसं लिहू? लाज वाटली. तुम्ही हसला असतात, आणि ह्या एका बाबतीत मला तुमचं हसू नको होतं.

पाणकोंबडी टॉवेल गुंडाळून बाहेर आली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘काकू, पहिल्यांदा मीही फसले, मग वाटलं की तुम्हालाही ते कळतंय, आणि पत्र वाचल्यावर वाटलं, घरच्यांना जास्त कळत असेल. तुम्ही सोडू नका, सोडू नका म्हणायच्या, तेव्हा ते तुम्हाला म्हणायचे, सोड. म्हणजे पुरे आता, गप्प बस. मी हसायची.’ मग म्हणाली, शेवटची दहा मिनिटं ते पाठीवर झोपायचे. ती डोक्याखाली हात धरायची, नंतर हातही काढून घ्यायची. कान पाण्यात गेले की त्यांना कुणाचं काही ऐकू यायचं नाही. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत तरंगत राहायचे आणि बाहेर काढताना तिच्यावर रागवायचे. तेवढी दहा मिनिटं मी कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल आणि कोरडे कपडे मांडत असायचे. अठरा खेपांत मी ते एकदाही पाहिलं नाही.

मी विचारलं, राहिलेल्या सहा खेपा झाल्या असत्या तर चालले असते का? ती पोर खोटं बोलली असती तर मी तिचे उपकार मानले असते. ती म्हणाली, ‘नाही, काकू. जमिनीवर बहुतेक नसतेच चालले.’ म्हणजे चाचणी हुकली, घर हुकलं, हे तर व्हायचंच होतं. मी त्यांच्या हातून गेलेल्या पायऱ्यांसाठी रडत नाही. सहा वेळा दहा मिनिटं, एवढंच त्यांचं उरलं होतं आणि ते मी काढून घेतलं. यादीत पुन्हा नाव घालायला गेले. आठ महिने, आणि शुश्रूषागृहातल्या पेशंटला घेतच नाहीत. तिथून ने-आण करायची सोय नाही. वॉर्डात पाय ताणताना ‘सोड’ म्हणायचे ते कशासाठी, हे मला अजून माहीत नाही. तिथे तर मी नुसते आकडे मोजत असायचे.

दोष वाटून घ्यायला बसू नका. तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठलात, कारण सूत मी अर्धंच दिलं होतं. मे महिन्यात यायचं असलं तर या. दार मीच उघडेन, आणि तुम्ही परत जाऊ नका.

चोवीस तारखेला ह्यांना शुश्रूषागृहात आणलं. खोलीत दोन खाटा आहेत. दुसऱ्या खाटेवरचे आजोबा दिवसभर झोपतात. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसतात, पलंगावरच. इथे आल्यापासून ‘धर’ नाही आणि ‘सोड’ही नाही. पण शुक्रवारी नऊच्या सुमाराला बटणं काढायला लागले. इथे कॅलेंडर नाही, वार कसा कळतो कोण जाणे. सेविकेनं बटणं लावली, त्यांनी काढली, तिनं लावली, आणि मग ती जोरात बोलली. तिचंही बरोबर आहे, तिला वीस पेशंट आहेत.

ह्यांचे सगळे शर्ट ह्यांनीच शिवलेले, प्रत्येकाला सात बटणं. काल मी दुकानात जाऊन डोक्यातून घालायचे तीन तयार सदरे आणले. बिनबटणाचे. आज मंगळवार, म्हणून आठ वाजताच येऊन त्यातला एक घातला. नऊ वाजता त्यांचा डावा हात गळ्याशी गेला. तिथून चाचपत पोटापर्यंत आला, परत वर गेला, परत खाली आला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. मी शेजारी बसले होते. सदरा खांद्याला दोन बोटं सैल होतो, पण ते काही म्हणाले नाहीत.

तुमची
वहिनी